वढवाण्याचे वारकरी

बडोद्यात थंडी पडली की वढवाण्याच्या तलावावर पक्षी पाहायला जायचा बेत ठरतो. पहाटे पाचला दांडिया बाजारातून निघालं तर डभोईमार्गे तास-सव्वातासात तलावाच्या पाळीवर. 'आधी सेव-उसळ' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतला पट्टकादंब हंस नुसता हलता डाग होतो. डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे दिसतच नाहीत. सकाळचा सूर्य पाठीशी राहील असा काठ धरावा. उलट बाजूला उभं राहिलं तर सगळी बदकं काळीच.

काळी म्हणजे मग वारकरीच वाटतात सगळी. वारकरी म्हणजे इथला पाणपक्षी, इंग्रजीतला कूट. अंगभर काळा, चोच पांढरी आणि कपाळावर गोपीचंदनाचा ठसठशीत टिळा. (गोपीचंदन तसंही द्वारकेकडचं, तेव्हा गुजरातेत हा परका नाही.) शेकड्यांनी असतो म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नाही. पायाच्या बोटांना बदकासारखा सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगळ्या झालरी. शरीर जड, पंख आखूड. त्यामुळे उडायचं तर आधी पाण्यावरून फटफट करत धावावं लागतं.

दुर्मीळ काही पाहायचं असेल तर नजर ह्याच्यावरच ठेवावी. इतस्ततः पसरलेले वारकरी एकाएकी दाटीवाटीने गोळा झाले की दुर्बीण सोडून आधी वर बघावं. बहुतेकदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. नशीब असेल तर पल्लासचा मत्स्यगरुड, संकटग्रस्त यादीतला.

तलाव मुळात पक्ष्यांसाठी नव्हेच. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली, बडोदा संस्थानाने तो शेतीच्या पाण्यासाठी केला. २०२१ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला, तरी आजही २५ गावांच्या शेतांना पाणी देतो. म्हणून तिथे काय दिसणार हे महिन्यावर कमी, पाण्याच्या पातळीवर जास्त ठरतं. काठोकाठ भरला असेल तर डुबक्या मारणाऱ्या बदकांची चैन. लालसरी तेव्हाच पाहून घ्यावी. गव्हाला पाणी सुटू लागलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो आणि तांबड्या काटक्यांवर उभे असल्यासारखे शेकाटे तिथे हजर होतात. तेव्हा निघण्याआधी डभोईकडच्या कुणाला तरी फोन करून एवढंच विचारावं, कालव्याला पाणी सोडलंय का?