आमची वाटचाल: टीव्हीच्या दुकानापासून स्कोपच्या टेबलापर्यंत

गोव्यातल्या फोंड्यातलं आमचं दुकान मूळचं टीव्ही रिपेअरचं. डबा टीव्ही होते तोवर जेवायला फुरसत नसायची, मग एलसीडी आले, लोक दुरुस्त करण्याऐवजी नवाच घ्यायला लागले आणि मी शटर पाडून मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात कुंडईच्या एका कारखान्यातला मेंटेनन्सवाला भंगारात निघालेला ऑसिलोस्कोप (स्कोप, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र) टेम्पोत घालून घेऊन आला. म्हणाला, "पात्रांव, हें जातलें मरे?" म्हणजे, मालक, हे होईल ना?

टेक्ट्रॉनिक्स ४६५. १९७२ मध्ये आलेलं मॉडेल, १०० मेगाहर्ट्झ, आत पडद्याच्या ट्यूबला १८ हजार व्होल्ट. टीव्हीवाल्याला हाय व्होल्टेजची काय भीती, पण बाकीचं सर्किट बघून घाम फुटला. पॉवरचा दिवा लागायचा, रेघ नाही. सप्लाय मोजले तर १५ व्होल्टची लाईन पार बसलेली. बंद करून ओहमवर मीटर लावला, सरळ शॉर्ट. मग एकेक कपॅसिटरचा एक पाय उचलायचा, मोजायचं, परत लावायचं, असे तीन दिवस. शेवटी वाटाण्याएवढा एक टँटलम कपॅसिटर निघाला, किंमत चहापेक्षा कमी. तो बदलला आणि पडद्यावर हिरवी रेघ आली तेव्हा मी बायकोला वरून खाली बोलावलं बघायला. ती म्हणाली, "हे काय, चॅनल नाही?"

तिथून सुरू झालं. त्या माणसाने दुसऱ्याला सांगितलं, मग एका कॉलेजच्या लॅबमधून चार आले, मग हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले.

आमच्याकडे वयापेक्षा हवा जास्त त्रास देते. जूनपासून चार महिने सगळं ओलं, वर समुद्राचं खारं वारं. स्विचच्या कॉन्टॅक्टवर मळ चढतो, पेपर कपॅसिटरची प्लास्टिकची खोळ तडकून आत ओल गेलेली असते आणि वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट थेट मेनवर लावला की धूर. म्हणून कुठलाही जुना सेट आम्ही आधी बल्ब सिरीजला ठेवूनच लावतो, बल्ब भगभगला तर तिथेच थांबायचं. व्होल्ट्स-डिव्हिजनचा (पडद्यावरच्या एका चौकटीला किती व्होल्ट ते ठरवणारा) स्विच खरखरतो म्हणून लोक वरून स्प्रे मारतात, कृपया मारू नका. ४६५ च्या त्या कॅम स्विचला कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टमधून अलगद ओढायची, बास.

आणि हो, स्कोप धुतात! खोटं नाही, टेक्ट्रॉनिक्स स्वतः साबणपाण्याने धुवून मग ओव्हनमध्ये सुकवायची. आम्ही धुतो ते फक्त एप्रिल-मेमध्ये, नंतर ६० वॉटचा बल्ब लावलेल्या कपाटात चार-पाच दिवस. जुलैत कोणी कितीही घाई केली तरी नाही, हाय व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल राहिली तर कामच संपलं.

एकदा मोठं नुकसान केलं, ते लपवत नाही. एका गिऱ्हाईकाचा टेक्ट्रॉनिक्सचाच २४६५बी होता, त्यात कॅलिब्रेशनचे, म्हणजे माप बरोबर दाखवायला लागणारे आकडे लिथियम सेलवर जगणाऱ्या मेमरीत असतात. सेल जुना झालेला, मी मेमरी आधी वाचून न घेताच काढायला घेतली आणि जास्त तापवली. आकडे गेले. स्कोप चालू, पण आकड्यांवर विश्वास ठेवायची सोय नाही. पूर्ण कॅलिब्रेशन बाहेरून करून आणलं, खर्च आमचा, वर्षभराची कमाई त्यातच गेली म्हणा ना. तेव्हापासून मुलगा पहिल्यांदा मेमरीची कॉपी घेतो, मगच मला सोल्डरिंगची बंदूक हातात देतो. "बाबा, आधी कॉपी" हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकतो.

पडद्याची ट्यूबच गेली असेल तर आम्ही हात जोडतो, दुसऱ्या मेलेल्या सेटमधून मिळाली तरच. म्हणून भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, स्कोप दिसला की फोडू नको, आधी फोन कर.

सध्या टेबलावर टेक्ट्रॉनिक्सचाच जुना, व्हॅक्यूम ट्यूबवाला ५४५ आहे, दोघांनी मिळून उचलावा लागतो. त्यातले पार्ट ज्यांवर सोल्डर केलेले असतात त्या सिरॅमिक पट्ट्यांना चांदी मिसळलेलंच सोल्डर लागतं, साध्या सोल्डरने वारंवार काम केलं तर पट्टीवरचा चांदीचा थर सुटतो. कंपनीने त्याची छोटी गुंडाळी आतच ठेवलेली असायची. यात ती अजून आहे, थोडीशीच वापरलेली. धुलाई मात्र आता पुढच्या एप्रिलात.