पुस्तक वाचलंय ना, मग परत बघायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी कुणी हे विचारलं की मी हसून विषय बदलते.

गोष्ट 'वाताशी नो शिआवासे ना केक्कोन'ची. म्हणजे 'माझं सुखी लग्न'. अकुमी आगितोगी यांची ही जपानी कादंबरीमाला आधी इंटरनेटवर आली, २०१९पासून पुस्तकरूपात निघू लागली. तिची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, रितो कोसाका यांनी काढली. ॲनिमे, म्हणजे पडद्यावरची ॲनिमेशन मालिका, जुलै २०२३मध्ये आला आणि दुसरा सीझन जानेवारी २०२५मध्ये. काळ जपानच्या मेइजी-ताइशोच्या, म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, धर्तीवरचा: रस्त्यावर मोटार, घरात तातामीच्या चटया, आणि काही घराण्यांच्या रक्तात अलौकिक शक्ती.

एकोणीस वर्षांच्या मियोकडे ती शक्ती दिसत नाही. मग काय, सावत्र आई आणि सावत्र बहीण तिला घरातच मोलकरीण करून टाकतात. पुढे तिला कियोका कुदो या लष्करी अधिकाऱ्याकडे लग्नासाठी पाठवलं जातं. त्याच्याकडे आधीची एकही मुलगी तीन दिवसांवर टिकलेली नाही. 'म्हणजे आपली संध्याकाळची मालिकाच की!' असं म्हणाल. मीही म्हटलं होतं.

पण पहिल्याच सकाळी मियो न्याहारी रांधते आणि तो विचारतो, विष घातलंयस का? न जेवताच निघून जातो. पुढे एकदा तो तिच्या हातचं मिसो सूप पितो, चांगलं झालंय म्हणतो, आणि ती रडायला लागते. तो गोंधळतो. मी इंग्रजी अनुवाद वाचला. त्यात तिचं मन कळतं, तसं त्याचंही कळतं: हा माणूस दुष्ट नाही, बायकांच्या नखऱ्यांना विटलेला आहे. हे माहीत असलं की पडद्यावरचा त्याचा मख्ख चेहरा वाचता येतो. नुसता ॲनिमे बघणाऱ्या माझ्या जाऊबाईंना तो पहिले दोन भाग खडूसच वाटला.

उलट काही गोष्टी छापील पानावर पोचतच नाहीत. मियो ऊठसूट माफी मागते. इंग्रजीत ते 'सॉरी' होतं आणि दहाव्यांदा आपलाच जीव वैतागतो. पण ॲनिमेत मियोला आवाज देणाऱ्या रेइना उएदाच्या तोंडून 'मोशिवाके गोझाइमासेन', म्हणजे अगदी नम्रपणे मागितलेली माफी, ऐका. एवढं लांबलचक वाक्य, जमिनीला कपाळ टेकून, श्वास आत घेत म्हटलेलं. वैताग येत नाही, तिला हाताला धरून उठवावंसं वाटतं.

दैत्य, लढाया, घराण्यांची कारस्थानं मला फारशी लागत नाहीत. ती सुरू झाली की मी चहा टाकायला उठते. माझा जीव फणीत अडकलाय. कियोका तिला फणी भेट देतो. जपानीत फणीला 'कुशी' म्हणतात. 'कु' म्हणजे कष्ट, 'शि' म्हणजे मरण. त्यामुळे एरवी फणी भेट देणं अशुभ. पण पुरुषाने बाईला दिली, तर जुन्या रीतीप्रमाणे ती लग्नाची मागणी: कष्टात, मरेपर्यंत बरोबर राहू. मियोला हे ठाऊक असतं, म्हणून ती घ्यायला कचरते. हा मात्र म्हणतो, फार अर्थ काढू नकोस. बदल्यात ती त्याला केस बांधायला स्वतः विणलेली दोरी देते.

आता पडद्यावर कितीही मोठा राक्षस येवो, माझी नजर आधी कियोकाच्या केसांकडे जाते. दोरी तीच आहे ना?