नखं वाढलेला पियानिस्ट

व्वादिस्वाव श्पिल्मनवरचा 'द पियानिस्ट' हा सिनेमा बऱ्याच जणांनी बघितलाय, त्यात तो जर्मन ऑफिसरसमोर शोपँ ह्या पोलिश संगीतकाराचं मोठं बॅलाड वाजवतो तो सीन भारीच आहे, पण खरं सांगू का, त्याने स्वतः आठवणींत लिहिलंय ते मला जास्त लागलं. प्रत्यक्षात वाजवलं ते शोपँचंच छोटंसं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या मूडची संथ रचना. बोटं आखडलेली, त्यावर मळाचा थर, नखं कधीची कापलेलीच नाहीत, खिडक्यांना काचा नाहीत म्हणून पियानो ओल खाऊन फुगलेला, पट्ट्या दाबता दाबत नाहीत. अडीच वर्षं वाद्याला हात लागला नव्हता!

श्पिल्मन म्हणजे वॉर्सॉच्या पोलिश रेडिओचा ज्यू पियानिस्ट. 23 सप्टेंबर 1939 ला बाहेर तोफा धडाडत होत्या आणि हा स्टुडिओत शोपँ वाजवत होता, त्याच दिवशी रेडिओ बंद पडला. मग घेट्टो, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेली वस्ती, तिथे पोटासाठी कॅफेत वाजवणं. ऑगस्ट 1942 मध्ये आईवडील, भाऊ, दोन बहिणी ट्रेब्लिंका ह्या नाझी मृत्यूछावणीच्या गाडीत गेले, ह्याला कुणीतरी कॉलर धरून मागे खेचलं म्हणून राहिला.

फेब्रुवारी 1943 ला घेट्टोतून निसटला आणि जुन्या ओळखीच्या पोलिश कलाकार मंडळींनी त्याला ह्या फ्लॅटमधून त्या फ्लॅटमध्ये लपवलं, सापडले असते तर त्यांनाही मरणच होतं. आता बघा, ज्याचं सगळं आयुष्य सुरांत गेलं त्याला आवाज म्हणून करायचा नाही. वॉर्सॉतला 1944 चा पोलिश उठाव जर्मनांनी चिरडल्यावर रिकाम्या, जळक्या शहरात एकटा उरला तेव्हा तर पडल्या पडल्या मनातच रियाज, आजवर वाजवलेली एकेक रचना, ओळीन् ओळ. डोकं ठिकाणावर राहिलं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

तो ऑफिसर म्हणजे कॅप्टन विल्म होझेनफेल्ड. त्याने माळ्यावर लपायची जागा शोधून दिली, ब्रेड, जॅम आणला, जाताना आपला ओव्हरकोटही दिला. आणि वॉर्सॉ जर्मनांच्या हातून सुटल्यावर नेमका तोच जर्मन कोट बघून पोलिश सैनिकांनी ह्याच्यावर गोळ्या झाडल्या, कसाबसा वाचला! 1946 मध्ये पुस्तक आलं त्यात कॅप्टनला चक्क ऑस्ट्रियन करून टाकलं, नव्या कम्युनिस्ट राजवटीत चांगला जर्मन छापणार कोण? होझेनफेल्ड सोव्हिएतांच्या कैदेत होता. श्पिल्मनने त्याला सोडवायची खटपट केली, पण उपयोग झाला नाही, 1952 मध्ये तो कैदेतच वारला. ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या यादीत याद वाशेम ह्या इस्रायलच्या होलोकॉस्ट स्मारक संस्थेने होझेनफेल्डचं नाव घातलं ते 2008 मध्ये, तोवर श्पिल्मनलाही जाऊन आठ वर्षं झाली होती.