गिटारचा आवाज बसवताना: माझा अनुभव

हाताने गिटार बनवली म्हटलं की लोक आधी विचारतात लाकूड कुठलं. मागची आणि बाजूची शिसवी, वरची पाटी सिटका स्प्रूसची. पण शिसवीचं फार कौतुक नका करू, आवाजाचं मुख्य काम वरच्या पाटीचं आणि तिच्या आत आधाराला चिकटवलेल्या ब्रेसिंगच्या पट्ट्यांचं. स्पेनच्या टोरेस या गिटार बनवणाऱ्याने 1862 मध्ये मागची आणि बाजूची पाटी पुठ्ठ्याची असलेली गिटार बनवून हेच दाखवलं होतं.

मी सातपूरला नोकरी करतो, पंचवटीत घर, गच्चीवरच्या खोलीत हा सगळा उद्योग. पट्ट्या चिकटवायचं काम मुद्दाम पावसाच्या आधी उरकलं, कारण नाशिकला जुलैमध्ये हवा इतकी दमट असते की लाकूड फुगतं आणि तसं फुगलेलं चिकटवलं तर पुढच्या उन्हाळ्यात आकसून तडा जायची भीती. खोलीतला दमटपणाचा मीटर 45 टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच फेव्हिकॉल आणि क्लॅम्प बाहेर काढायचे.

मग टॅपिंग. पाटी कडेजवळ दोन बोटांत हलकी धरायची, दुसऱ्या हाताने ठोकायची आणि ऐकायचं. जाड असताना नुसतं ठक्क वाजते, रंधा मारत मारत 2.8 मिलीपर्यंत आणली की आवाज जरा लांबतो, घुमतो. पट्ट्या मात्र पटाशीने अगदी जपून, कारण पट्टीची उंची निम्मी केली की ताठरपणा आठव्या हिश्श्यावर येतो, आणि वर तारांची ओढ असते 70 किलोच्या आसपास. आमच्या गल्लीतले सुतारकाका बघायला आले होते, म्हणाले, "अहो साहेब, एवढं बारीक काम करताय, पण थोडं लाकूड मागे ठेवा, काढलेलं परत लावता येत नाही." तेच केलं, कारण ब्रिज, म्हणजे पाटीवरचा तारा अडकवायचा तुकडा, आणि तारा चढल्यावर पाटी वेगळीच वागते, नुसत्या पाटीवर ऐकलेला सूर तेव्हा राहत नाही.

आणि तसंच झालं. पॉलिश न करताच तारा चढवल्या, सगळं छान, फक्त मोकळी तिसरी तार, म्हणजे जी, जोरात भक्कन वाजायची आणि लगेच मरायची, बाजूचे सूर मात्र नीट. मोबाइलवर स्पेक्ट्रमचं ॲप लावून तारा हाताने दाबून ब्रिजवर बोटाने ठोकलं तर पाटीचा स्वतःचा सूर 196 हर्ट्झला, म्हणजे बरोब्बर त्या तारेवरच! तार वाजली की पाटी तिची सगळी ताकद एकदम गिळायची. आता पाटीचा सूर खाली न्यायचा, म्हणजे पट्ट्या तासून तिचा ताठरपणा कमी करायचा, पण लाकूड काढण्याआधी खात्री हवी होती, म्हणून मुलीच्या खेळण्यातल्या क्लेचा एक गोळा ब्रिजच्या मागे चिकटवला. वजन वाढलं की सूर खाली येतो. जी लगेच सुधारला, आवाज तेवढा दबला, पण दिशा कळली.

मग तारा सैल करून साउंडहोलमधून, म्हणजे पाटीवरच्या गोल भोकातून, हात आत, छोटा आरसा, एलईडी, बोटाएवढा रंधा, आणि खालच्या दोन पट्ट्यांच्या टोकांना हलके हात. मनगट अवघडून जातं आणि दिसत तर जवळजवळ काहीच नाही, सगळं बोटांना कळतं. थोडं काढायचं, तारा ताणायच्या, ऐकायचं, परत सैल. 190 च्या आसपास आल्यावर थांबलो, म्हणजे एफ शार्प 185 आणि जी 196 यांच्या मधोमध, आता कुठलाच सूर एकटा अंगावर येत नाही आणि खर्जही भरलाय.

फिनिशला फक्त शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, तेही पातळ, जाड लॅकरचे थर दिले की एवढी हलकी केलेली पाटी परत जड होणार. आणि सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, दोन बनवून ठेवल्यात, पावसाळ्यात पाटी फुगली की ॲक्शन, म्हणजे तारांची दांडीपासूनची उंची, वर जाते तेव्हा बुटकी लावायची, मार्चनंतर उंच.