८ आणि १६ जीबीची रॅम एकत्र चालवताना : माझा अनुभव

व्हिडिओ एडिटिंगला १६ जीबी रॅम पुरेनाशी झाली. पीसी रायझन ५ ३६०० आणि बी४५० मदरबोर्डचा. त्यातल्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक एक्सएमपी (रॅमचा जाहीर केलेला वेग चालू करणारं बायोसमधलं, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधलं प्रोफाइल) लावून ३२०० च्या वेगावर इतकी वर्षं बिनतक्रार चालल्या होत्या. त्या काढून टाकणं जिवावर आलं, म्हणून जोडीला १६-१६ च्या दोन आणल्या.

बसवताना आधी चॅनेलचा, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या ए आणि बी या दोन वाटांचा हिशेब केला. ए२ आणि बी२ या खाचांमध्ये १६ च्या, ए१ आणि बी१ मध्ये ८ च्या. दोन्ही चॅनेलवर २४-२४, एकूण ४८ जीबी. एका बाजूला ३२ आणि दुसरीकडे १६ झाले असते, तर ड्युअल चॅनेलचा पूर्ण फायदा मिळाला नसता.

मूळ वेगावर पीसी लगेच सुरू झाला. एक्सएमपी लावल्यावर विंडोजही उघडलं, पण रेंडर अर्ध्यावर गेला की ब्लू स्क्रीन. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं तर एररच एरर. स्टिक खराब असेल म्हणून जोड्या वेगवेगळ्या तपासल्या, दोन्ही स्वच्छ निघाल्या.

कारण सापडलं टीआरएफसीमध्ये, म्हणजे रॅमच्या एका रिफ्रेशसाठी राखून ठेवलेल्या वेळेत. रॅमला साठवलेला डेटा टिकवायला सतत रिफ्रेश लागतो, आणि चिप जितकी दाट तितका त्याला वेळ जास्त. माझ्या जुन्या स्टिकवर ८ गिगाबिटच्या चिप आहेत, नव्यांवर १६ गिगाबिटच्या. डीडीआर४ च्या मानकानुसार पहिल्यांना ३५० नॅनोसेकंद, दुसऱ्यांना ५५०. वेग ३२०० असताना हेच ५६० आणि ८८० क्लॉक (रॅमच्या घड्याळाचे ठोके) होतात. बोर्डाने जुन्या स्टिकच्या प्रोफाइलमधला ५६० हाच आकडा चारही स्टिकना लावला होता! नव्यांचा रिफ्रेश पुरा व्हायच्या आत त्यांना पुढचं काम दिलं जात होतं. मापं मिसळणाऱ्याने बायोसमध्ये पहिल्यांदा हाच आकडा बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण सगळ्यांचं लक्ष फ्रिक्वेन्सी आणि सीएल१६ (डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे ठोके) वरच असतं.

टीआरएफसी ८८० केल्यावर एरर खूप कमी झाले, पण थांबले नाहीत. चार स्टिकचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतो. या पिढीच्या रायझनला एएमडीने दोन स्टिकसाठी ३२०० दिलंय, चार सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) स्टिकसाठी २९३३. मग २९३३ च ठेवलं, व्होल्टेज १.३५, टायमिंग १६-१८-१८-३८, कमांड रेट २टी (प्रत्येक आज्ञेला दोन ठोके), टीआरएफसी ८१०. रात्रभर मेमटेस्ट, एकही एरर नाही. एखाददुसरा एरर चालतो असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. बिघडलेला बिट गुपचूप प्रोजेक्ट फाइलमध्ये जातो आणि कळतं तेव्हा बॅकअपसुद्धा बिघडलेला असतो.

३२०० वरून २९३३ वर आल्याचा फरक रेंडरमध्ये मला जाणवला नाही. ४के टाइमलाइन मात्र आता अडखळत नाही. बायोसमध्ये हे सगळं वेगळ्या प्रोफाइलमध्ये सेव्ह केलंय, आणि सीमॉस क्लिअर करावं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसावी लागली तर हाताशी असावेत म्हणून आकडे वहीतही उतरवून ठेवलेत.