आंबेनळी घाटातील थर

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना मी घाटात दोन-तीन ठिकाणी तरी थांबतोच, कारण आंबेनळीचा रस्ता ज्या कड्यातून कोरून काढला आहे, त्यात सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाचे थर हजार मीटरहून अधिक उंचीपर्यंत एकावर एक रचलेले दिसतात. भूवैज्ञानिकांनी या थरांचे खालून वर पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर असे गट पाडले आहेत. ही विभागणी मुख्यतः खडकाच्या रासायनिक घडणीवरून केलेली असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना त्यांच्या सीमा ओळखू येत नाहीत.

डोळ्यांना दिसते ती प्रत्येक थराची घडण. थराचा गाभा घट्ट काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा असतो, तर माथा वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे पांढरे स्फटिक साचतात. गाभा सहजी झिजत नाही, म्हणून तिथे उभा कडा राहतो. माथा झिजून त्याचा उतार होतो, त्यावर माती धरते आणि झाडी वाढते. पावसाळा सरल्यावर समोरच्या डोंगरावर काळे-हिरवे आडवे पट्टे दिसतात, ते यामुळेच.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो दोन थरांच्या मधला विटकरी लाल पट्टा. एका वळणावर तो जेमतेम वीतभर जाड आहे. नखाने खरवडला की त्याची भुकटी हाताला लागते. एक उद्रेक थांबल्यावर पुढचा होईपर्यंत उघड्यावर पडलेले द्रव्य झिजत राहिले, त्याची ही माती. वरून आलेल्या तप्त लाव्हाने ती भाजून निघाली. उद्रेक सलग न होता मध्ये उसंत घेऊन होत होते, याची इतकी साधी खूण दुसरी नाही. रस्ता रुंद करताना असे पट्टे सिमेंटखाली झाकले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वर पठारावर पोहोचले की काळा पाषाण संपतो आणि जांभा लागतो. हा वेगळा लाव्हा नव्हे. पाऊस आणि उष्णता यांनी त्याच बेसाल्टमधील सिलिका धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली, त्यांचा हा कठीण थर. तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी सहज आत जिरते, खालच्या चिकणमातीशी अडते आणि जांभ्याच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते.