तुम्ही विचारलंत म्हणून: हे वेटेज कुठून आणता?

भोसरी-चाकणकडच्या लहान कारखान्यांत भरती असली की मला बोलावतात. जागा बहुतेक इन्स्पेक्टरच्या असतात, म्हणजे मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार झालेला सुटा भाग, मापून तो पास की रिजेक्ट ते सांगणाऱ्या माणसाच्या. माझा गुणांचा तक्ता टेबलावर ठेवला की मालक हमखास विचारतात, "मॅडम, मापनाला ४०, ड्रॉइंगला २५, आकडेमोडीला १५, बोलण्याला २०. हे आकडे कुठून आणलेत? चारही गोष्टींना सारखेच गुण ठेवले तर काय बिघडतं?"

आकडे कुठून आणते ते सांगतेच. पण त्याआधी मला उशिरा कळलेली एक गोष्ट सांगायला हवी. कागदावर लिहिलेलं वेटेज एक असतं आणि निवड करताना लागू पडलेलं वेटेज दुसरंच असू शकतं.

मी तेव्हा एका कारखान्यात क्वालिटी बघत होते. तक्ता हाच होता, मीच केलेला आणि मला त्याचा अभिमानही होता. अकरा मुलं आली. मापनाचं प्रॅक्टिकल घेणाऱ्या सुपरवायझरने सगळ्यांना ४० पैकी २८ ते ३२ च्या आत बसवलं. कुणाला फार कमी देणं त्याच्या जिवावर आलं आणि फार जास्त द्यावं असं त्याला कुणी वाटलं नाही. बोलण्याच्या गुणांसाठीची मुलाखत आम्ही तिघांनी घेतली. तिथे मात्र आम्ही मोकळ्या हाताने गुण दिले, २० पैकी ४ पासून १९ पर्यंत. शेवटी दोघांत चुरस होती. एकाचे प्रॅक्टिकल ३२, ड्रॉइंग २०, आकडेमोड ११, मुलाखत ७, एकूण ७०. दुसऱ्याचे २९, १८, ११ आणि १८, एकूण ७६. आम्ही ७६ वाल्याला घेतलं. बेरीज बरोबर होती, म्हणून मनात शंकाही आली नाही.

तीन महिन्यांत बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झालेले जॉब ग्राहकाकडे गेले. मुलगा प्रामाणिक होता, मेहनती होता, पण बोअर गेज हातात स्थिर धरून रीडिंग घेणं त्याला जमत नव्हतं. मी जुना तक्ता काढून पुन्हा वाचला, तेव्हा दिसलं की ज्या मापनाला मी सर्वांत जास्त वजन दिलं होतं, त्याने निकालात जवळजवळ काहीच केलं नव्हतं. अकरा जणांत तिथे जास्तीत जास्त फरक ४ गुणांचा होता आणि मुलाखतीत १५ चा. सगळ्यांना सारखेच मिळालेले गुण कुणालाच पुढे नेत नाहीत आणि मागेही टाकत नाहीत. जिथे गुण पसरतात, तिथेच निवड होते. ७० वाला मुलगा बोलताना अडखळत होता आणि हात त्याचा पक्का होता. त्याला मी नाही म्हटलं होतं, हे मला आजही टोचतं.

पुढे वाचनात आलं की हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अशोक कुमार यादव विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात लिहून ठेवली आहे. हरियाणाच्या नागरी सेवेसाठी लेखी ७०० गुणांची आणि तोंडी २०० गुणांची होती, म्हणजे तोंडीला २२.२ टक्के. माजी सैनिकांसाठी तर लेखी ४०० आणि तोंडी २००. लेखीतल्या गुणांपेक्षा तोंडीतल्या गुणांचा पसारा फार मोठा होता, त्यामुळे तोंडी परीक्षाच निर्णायक ठरत गेली, हे न्यायालयाने नोंदवलं आणि सर्वसाधारण उमेदवारांसाठी तोंडीचा वाटा १२.२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असं सांगितलं. त्याआधी अजय हासियाच्या खटल्यात श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रवेश होता. तिथे लेखी १०० आणि तोंडी ५०, आणि ती तोंडी दोन-तीन मिनिटांत उरकलेली. न्यायालयाने तोंडीची मर्यादा १५ टक्के सांगितली. हे नियम सरकारी परीक्षांचे आणि प्रवेशांचे, खासगी कारखाना त्यांना बांधील नाही. पण त्यामागचं गणित भोसरीतही तेच आहे.

आता आकड्यांचं. मी आधी मालकांना विचारत नाही, रिजेक्शनचं रजिस्टर मागते. गेल्या वर्षभरात माल परत आला तो कशामुळे? माप चुकीचं घेतलं म्हणून, ड्रॉइंग उलटं वाचलं म्हणून, की चूक दिसूनही कुणी बोललं नाही म्हणून? एका ठिकाणी निम्म्याहून जास्त तक्रारी ड्रॉइंगच्या निघाल्या. माल अमेरिकेला जायचा, तिकडची ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये, आणि आपल्या मुलांना सवय फर्स्ट अँगलची. जॉबची कुठली बाजू कागदावर कुठे काढायची, याच्या या दोन उलट पद्धती. कोपऱ्यातली ती कापलेल्या शंकूची खूण न बघताच डावी बाजू उजवी समजायचे. त्या कारखान्यासाठी मी ड्रॉइंगला ४० दिले आणि मापनाला २५. म्हणजे आकडे माझे नसतात, त्या शॉप फ्लोअरचे असतात. मग मशीन लावून देणारा सेटर, लाइन इन्स्पेक्टर आणि मालक यांना वेगवेगळं बसवून स्वतःचे आकडे लिहायला सांगते. एकत्र बसवलं तर मालक बोलले की बाकीचे मान डोलावतात. आणि हे सगळं उमेदवारांचे अर्ज उघडण्याआधी. एकदा चेहरा आवडला की वजन त्याच्या बाजूला कसं सरकतं, ते आपल्यालाही कळत नाही.

गुण पसरायचे तर सुपरवायझरच्या मनावर सोडून चालत नाही. मी सीएमएमवर, म्हणजे अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर, आधी मापून आणलेला एक जॉब ठेवते. पाच मापं, प्रत्येकी ८ गुण. खऱ्या मापाच्या ०.०१ मिलिमीटरच्या आत रीडिंग आलं तर ८, ०.०३ च्या आत असेल तर ४, त्यापलीकडे शून्य. एका मायक्रोमीटरचा झिरो मुद्दाम ०.०२ ने सरकवून ठेवते. माप घेण्याआधी झिरो बघणारा मुलगा लगेच ओळखू येतो. असं केलं की त्याच ४० गुणांत कुणाला ८ मिळतात, कुणाला ४०, आणि मग ते ४० खरोखर ४० सारखे वागतात. मुलाखतीतही सगळ्यांना तेच चार प्रश्न, आणि चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून उलटे ठेवायचे.

कुणी संगणकवाले सुचवतात की प्रत्येक रकान्यातून सरासरी वजा करून पसाऱ्याने भागा, म्हणजे सगळे रकाने सारख्या ताकदीचे होतील. शेकडो उमेदवार असतील तर ते ठीक आहे. दहा मुलांत तसं केलं तर जिथे फरक नाहीच, तिथला एखाद-दुसरा गुण फुगून डोंगर होतो. त्यापेक्षा मापकाम नीट घ्यावं.

एक गोष्ट मी बेरजेत धरतच नाही. त्या जॉबवरचं एक माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालवून घेता येणाऱ्या फरकाच्या, बाहेर असतं. ते मापूनही ज्याने जॉबला पास लिहिलं, त्याचे बाकीचे गुण कितीही असोत, त्याला मी घेत नाही. बेरजेचा स्वभावच भरपाईचा आहे, इकडचं कमी तिकडच्या जास्तीने भरून निघतं. आकडेमोडीतलं कमी ड्रॉइंगने भरून निघालं तर चालेल. चुकीचा माल सोडणं गोड बोलण्याने भरून निघता कामा नये. म्हणून ती अट आधी, बेरीज नंतर.

आणि "सारखे गुण दिले तर?" या प्रश्नाचं खरं उत्तर मालकांना आवडतं: फार बिघडत नाही. रॉबिन डॉझ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली दाखवून दिलं की योग्य गोष्टी निवडल्या असतील, तर त्यांना सारखं वजन देऊन केलेली साधी बेरीजसुद्धा जाणकारांच्या एकंदर मतापेक्षा बहुतेक वेळा चांगला अंदाज देते. म्हणून ३५ की ४० यावर मी तास घालवत नाही. बेरीज झाली की प्रत्येक वजन ५ ने वरखाली करून बघते. पहिले दोघे जागा बदलायला लागले तर ते दोघे सारखेच आहेत असं समजते आणि दोघांनाही अर्धा दिवस लाइनवर उभं करायला सांगते.

मुलांना मी वेटेज आधीच सांगते. फळ्यावर लिहून ठेवते. मालकांना भीती वाटते की मुलं तयारी करून येतील. येऊ देत की! मापनाची तयारी केलेला मुलगाच तर हवा आहे. आणि ज्याला नाही म्हणायचं, त्याला त्याच्या नावासमोरची ओळ लिहून देते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आयटीआय करून बीडहून आला होता. मापनात ३६, ड्रॉइंगमध्ये ९. त्याला वाटलं होतं, आपलं बोलणं गावाकडचं म्हणून आपण गेलो. मी कागद दाखवला: बोलण्यात २० पैकी १४ होते. तो बराच वेळ त्या ९ कडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, थर्ड अँगलची जुनी ड्रॉइंग असतील तर द्याल का?" माझ्याकडे ग्राहकाचं नाव कापलेली सहा होती. झेरॉक्स काढून दिली.